दुसऱ्याच्या खात्यावरचा धूर

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन बेडशाची लेणी पाहायला गेलो होतो. पायऱ्या उतरून गावात आलो आणि पाण्यासाठी एका ओसरीवर टेकलो. आत चूल पेटलेली, ओसरीवर म्हातारबुवा बिडी ओढत बसलेले आणि त्यांच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचा नातू. म्हातारबुवांच्या मायेबद्दल शंका नव्हती. प्रश्न मनात आला तो धुराचा. या हवेत चुलीचा वाटा किती आणि बिडीचा किती?

हा हिशेब मांडता येतो. छोट्या पंपाने घरातली हवा गाळणीतून ओढतात. काजळीचे कण आणि त्यांना चिकटलेले, कर्करोगाला कारण होणारे बेंझोपायरीन गाळणीवर अडकते. बेंझीनची वाफ शोषक नळीत धरतात. मग प्रयोगशाळेत एकेक रसायन वेगळे करून मोजतात. पण बेंझोपायरीन चुलीतूनही निघते आणि मोटारीच्या धुरातूनही. निकोटिनचे तसे नाही. हवेत ते सापडले, की तंबाखूचा पत्ता लागलाच. शरीरात त्याचे कोटिनिन होते. बाळाच्या लघवीत ते मोजले, की परक्या धुराची नोंद हाती येते.

बिडीच्या जळत्या टोकाचा धूर कोणाच्या छातीतून गाळून येत नाही. मंद आचेवरच्या अर्धवट ज्वलनामुळे त्यात अनेक विषारी द्रव्ये अधिक असतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या, स्वतः न ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळतो, हे जपानच्या हिरायामांनी १९८१ मध्येच दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार अशा परक्या धुराने वर्षाला सुमारे १३ लाख माणसे दगावतात.

मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत टेबलाटेबलांवर रक्षापात्रे असत. माझ्याही टेबलावर होते. शेजारचे सहकारी खोकत. मी कधी विचारले नाही, त्यांनी कधी सांगितले नाही. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. पण कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो आणि तान्ह्या मुलाला उठून दुसरीकडे जाता येत नाही.

मोजणारी यंत्रे बेडशाला येतील तेव्हा येवोत. बिडी घेऊन अंगणापलीकडे जायला यंत्र लागत नाही.