जिमचे मराठी

मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीतील पळालेला गुलाम जिम हा वाचकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना लोभस वाटत आला आहे. तो प्रेमळ आहे, भुताखेतांना भिणारा आहे. कादंबरीच्या अखेरीस तो खोपटात कैद असताना टॉम सॉयर केवळ साहसाच्या हौसेखातर त्याची सुटका लांबवत राहतो. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला मुक्त केल्याचे या पोराला प्रथमपासून ठाऊक असते! १८८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे कर्ते गुलामगिरीचे विरोधक होते, यात संशय नाही. परंतु कथा सांगण्याचा अधिकार त्यांनी गोऱ्या मुलाकडे ठेवला.

पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ साली ‘जेम्स’ लिहून तो अधिकार जिमकडे सोपविला. २०२५ चे पुलित्झर पारितोषिक या कादंबरीला मिळाले. येथील जिमची मोडकीतोडकी इंग्रजी हा निव्वळ मुखवटा आहे. गोऱ्यांपुढे अडखळत कसे बोलावे, याचे धडे तो गुलामांच्या मुलांना देतो. मालकाला आपल्या श्रेष्ठत्वाची खात्री वाटत राहावी, हेही गुलामाने करावयाचे कामच. हातापायांच्या श्रमाबरोबर जिभेचीही वेठ! हा जेम्स स्वप्नात जॉन लॉकशी वाद घालतो. स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञ म्हणून गौरविल्या गेलेल्या या लॉक यांचा, मालकांना गुलामांवर निरंकुश सत्ता देणाऱ्या कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या घटनेच्या मसुद्यात हात होता. आणि जेम्सला लिहिण्यासाठी मिळालेल्या पेन्सिलीच्या एका तुकड्याची किंमत दुसरा एक गुलाम आपल्या प्राणाने चुकवितो.

निवेदक बदलला की कादंबरी आपोआप शोषितांची होते, असा समज अलीकडे प्रकाशन-व्यवसायाने रुजविला आहे. तो खरा नव्हे. जो बेकर यांच्या ‘लाँगबोर्न’ (२०१३) चे महत्त्व मोलकरणीच्या तोंडी ‘मी’ घालण्यात नाही. तसा तो घातलेलाही नाही. जेन ऑस्टिन यांच्या नायिकेचा चिखलाने माखलेला घागरा अखेर कोणी धुतला, हे तेथे दिसते, हे महत्त्वाचे.

‘जेम्स’बद्दल मात्र माझा एक मतभेद आहे, आणि तो अनुवादाच्या मेजावर अधिक बोचतो. जेम्सची ‘खरी’ भाषा ही सुशिक्षितांची प्रमाण इंग्रजी आहे. म्हणजे विचार करावयाचा तो प्रमाण भाषेतच, असे एव्हरेट नकळत मान्य करतात काय? नामदेव ढसाळांनी १९७२ साली ‘गोलपिठा’मध्ये कामाठीपुऱ्याची भाषा जशीच्या तशी छापील पानावर आणली, तो मुखवटा नव्हता, तीच विचाराची भाषा होती.

परकीय कादंबरीतील नोकर, शेतकरी वा काळा माणूस दिसला की त्याच्या तोंडी ‘ग्रामीण’ मराठी घालण्याची खोड आपल्या अनुवादकांना जुनी आहे. ‘जेम्स’ मराठीत आणताना ती घातक ठरेल. जिमच्या सोंगाला खानदेशची वा मराठवाड्याची बोली दिली, तर लक्षावधी श्रमिकांची मायबोलीच अडाणीपणाचे सोंग ठरते. त्या सोंगासाठी कोणत्याही प्रदेशाची बोली घेऊ नये. बंगल्याच्या पायरीखाली उभ्या माणसाची ‘जी सरकार’, ‘मायबाप’, ‘आपणच सांगावं’ अशी अर्धवट, मान खाली घातलेली वाक्ये मराठीत ठिकठिकाणी ऐकू येतात. ती कोणाचीच मायबोली नाहीत. जिमला तीच द्यावीत.