पिकअपचा गिअर आणि घाटाचा उतार

मन्मथस्वामींचे समाधिस्थान असलेल्या कपिलधार (ता. बीड) येथे कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते, तेव्हा बालाघाटच्या डोंगररस्त्यांवर वाहनांची रीघ लागते. यात्रा सरली, तरी जवळच्या मांजरसुंबा घाटातून सीताफळे, भाजीपाला आणि ऊसतोड मजुरांचा संसार वाहून नेणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांची ये-जा थांबत नाही. दिवसभर क्लच दाबून थकणाऱ्या चालकाला स्वयंचलित गिअरची ओढ वाटली, तर त्यात नवल नाही.

अशी गाडी कारखान्यातून मिळणे मात्र सोपे नाही. भारतात इसुझूची व्ही-क्रॉस २०१९ मध्ये, तर टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये स्वयंचलित गिअरसह आली. दोन्हींच्या किमती शेतमाल वाहणाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. त्यामुळे जुन्याच गाडीचा गिअरबॉक्स बदलून घेण्याचा विचार पुढे येतो.

हे काम केवळ पेटी बदलण्याचे नाही. क्लच आणि फ्लायव्हीलच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर बसतो. तेल थंड ठेवणारा कूलर लागतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बदलावे लागते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या संगणकांचा मेळ बसणे अपरिहार्य ठरते.

खरी कसोटी उतारावर लागते. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये उतरविली, की इंजिनच वेग आवरून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. स्वयंचलित पेटीतही खालचा गिअर निवडता येतो. परंतु जोडणी चुकली किंवा चालकाने गाडी नुसती ‘डी’वर सोडली, तर सारा भार ब्रेकवर येतो. शिवाय बॅटरी उतरल्यावर धक्का मारून गाडी सुरू करण्याची सोयही संपते.

कायद्याची बाजूही कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. अपघात झाल्यास विम्याचा दावाही वादात सापडू शकतो. अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेण्यास मात्र नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने वाव आहे.

याच दुरुस्तीने केंद्र सरकारला रेट्रोफिटिंगचे निकष आणि मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकारही दिला आहे. त्याचा उपयोग मालवाहू गाड्यांसाठी व्हायला हवा. नेहमीचाच गिअरबॉक्स ठेवून क्लच व गिअर यंत्राकडून हलविणारी एएमटी प्रणाली मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओसारख्या स्वस्त मोटारीत आणली. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपलाही ती कारखान्यातूनच, घाटात भरल्या वजनानिशी तपासून मिळाली, तर चालकाचा त्रास वाचेल आणि उतारावरचा धोकाही वाढणार नाही. तोपर्यंत गॅरेजमधील जुगाडाने चालकाच्या पायाला आराम मिळेलही. पण त्याची किंमत उतारावर मोजावी लागू शकते, आणि ती एकट्या चालकालाच मोजावी लागेल असे नाही.