गाडी गरम असताना तपासलीत का?

इंधनाचं धोरण आखणाऱ्या सन्माननीय मंडळींस,



ऑगस्ट 2025 मधला सरकारी खुलासा वाचला. गार आणि गरम, दोन्ही अवस्थांत इंजिन सुरू करण्याच्या चाचण्यांत ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल उत्तीर्ण झालं आहे, जुन्या गाड्यांनाही फारसा त्रास नाही, असं त्यात होतं. मन दुखावलं. पुण्यात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती 800 अशा जुन्या गाड्या सांभाळणारे आम्ही उन्हाळाभर जे भोगतो, ते त्या खुलाशाने नाहीच म्हणून टाकलं.

काय होतं ते सांगतो. मे महिन्यातल्या दुपारी हडपसरकडून दिवे घाट चढून पद्मिनी वर येते तेव्हा ठणठणीत असते. त्रास सुरू होतो तो ती थांबवल्यावर. पंखा बंद, पाण्याचं फिरणं बंद; मग इंजिनातली सगळी धग कार्बोरेटरमध्ये आणि इंजिनालाच बसवलेल्या पेट्रोल पंपात शिरते. हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. इथेनॉल एकटं 78 अंशांना उकळतं, पण पेट्रोलच्या घटकांत मिसळलं की मिश्रणाचा मोठा भाग त्याच्या आतच वाफ होऊन जातो. नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून त्यांना हे सहसा जाणवत नाही. आमची गाडी मात्र दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरेपर्यंत स्टार्ट घेत नाही.

आम्हाला गाडी कळत नाही, असं कृपा करून समजू नका. गाडी अडली की प्लग काढून बघायचा. ओला असेल तर गाडी फ्लड झाली आहे, उकळलेलं पेट्रोल कार्बोरेटरमधून खाली उतरलं आहे. चोक अजिबात ओढायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि मग सेल्फ मारायचा. प्लग कोरडा असेल तर पंपात किंवा नळीत वाफ अडकली आहे. पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं. ठिणगीच येत नसेल तर पेट्रोलला बोल लावू नये, तापल्यावर दगा देणारी कॉइल नाहीतर डेल्कोतला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर बदलावा. नाना पेठेत पार्ट शोधत हिंडून आम्ही हे सगळं करून बसलो आहोत. कार्बोरेटरखाली जाड बेकलाइटची चकती घातली, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब नेली, फुगणारे रबरी होस आणि पंपाचा डायफ्राम बदलला. ई-20 मध्ये हवेच्या मानाने इंधन अपुरं पडतं म्हणून कार्बोरेटरचा जेटही मोठा केला. सगळं पदरचे पैसे घालून, आणि तरीही मे महिना आला की घाटमाथ्यावर थांबायची भीती वाटते.

इथेनॉलशी आमचं वैर नाही. उसाला भाव मिळतो, तेलाच्या आयातीचा खर्च वाचतो, हे मान्य आहे. पण 2021 च्या नीती आयोगाच्या अहवालात जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी ई-10 पुरवत राहावं अशी शिफारस होती, आणि तीसुद्धा 2025 पर्यंतचीच. त्यानंतर या गाड्यांनी कुठे जायचं? ब्रिटनने सप्टेंबर 2021 मध्ये ई-10 आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-5 पंपावर ठेवलं. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. निकालाचा आम्ही आदर करतो. पण हे धोरण न्यायालयाचं नाही, तुमचं आहे.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना वारसा मानून त्यांच्यासाठी वेगळी नोंदणी सरकारनेच 2021 मध्ये सुरू केली. वडिलांनी वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहून घेतलेली गाडी आम्ही त्याच भावनेने जपतो. पेट्रोलबद्दल तक्रार केली की मात्र ‘भंगारात काढा की’ एवढंच ऐकू येतं. एका हाताने गाडीला मान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तिला न पचणारं इंधन भरायला लावायचं, हा अन्याय आहे.

गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था इथेच, वेताळ टेकडीवर आहे. आमच्या पद्मिनी तिथे आणून देतो. मे महिन्यात घाट चढवा, दहा मिनिटं थांबवा, मग सुरू करून बघा. कोणत्या गाड्या, किती तापमानाला तपासल्या, ते आकड्यांसह छापा. प्रत्येक पंपावर इथेनॉलची टक्केवारी ठळक लिहा. आणि पुण्यासारख्या शहरात निदान एका पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोल ठेवा. ई-10 परत आणून भागणार नाही, वाफेचा त्रास त्यातही आहे. दोन पैसे जास्त घ्या, आम्ही रांगेत उभे राहू.

आपला,
पुण्यातला एक पद्मिनीवाला