मध्यरात्रीचे ग्रंथालय

यंदाच्या पावसाळ्यात मॅट हेग या इंग्रज लेखकाची ‘द मिडनाइट लायब्ररी’ (२०२०) एका बैठकीत वाचली, आणि तिच्याशी माझे भांडण अजून मिटलेले नाही. जिवाला कंटाळलेली नोरा सीड जीवन-मरणाच्या सीमेवरल्या एका ग्रंथालयात येऊन पोचते. घड्याळ बारावर थबकलेले. शाळेतल्या ग्रंथपाल मिसेस एल्म स्वागताला हजर! तिथले प्रत्येक पुस्तक म्हणजे नोराचे एक न जगलेले आयुष्य. कुठे ती ऑलिंपिकची जलतरणपटू, कुठे स्वालबार्डच्या बर्फात हिमनद्यांची अभ्यासक. एक जाडजूड ग्रंथ मात्र नुसत्या पश्चात्तापांचा. तो आला तेव्हा, खरे सांगतो, मी कादंबरी मिटून खिडकीबाहेर पाहत बसलो. माझाही ग्रंथ काही कमी जाड नाही.

मग तक्रार कसली? एवढ्या अनंत पुस्तकांत दुसऱ्या कोणाचे असे एकही नाही! शिवाय इसापनीतीसारखे जागोजाग तात्पर्य. आमच्या गावच्या वाचनालयात किरकोळ वर्गणीत परक्यांची आयुष्ये घरी नेता येत, आणि घटकाभर स्वतःचा विसर पडे. खरी जादू तीच नव्हे काय?

तरीही कादंबरी परत करताना हात थोडा रेंगाळला, हे वाचकांपासून कशाला लपवू?