परीक्षा अकलेची की इंग्रजीची?

गिरणीकामगार बंधू-भगिनींनो,

शनिअमावास्येला तुमच्यापैकी पुष्कळजण रजा टाकून आमच्या नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूरला येता. इथल्या घरांना परंपरेनं दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. पण याच गावच्या मराठी शाळेतलं पोर उद्या ‘मी पवईच्या आयआयटीत जाणार’ म्हणालं, तर त्याच्या वाटेत किती कुलपं आहेत? ती आज मोजू या.

लोक म्हणतात, हुशार असेल त्याला प्रवेश मिळतो. आम्ही म्हणतो, हे अर्धंच खरं!

पहिलं कुलूप भाषेचं. पोर दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतं. अकरावी सायन्सला गेलं की बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजीत. ‘घर्षण’ पक्कं समजलेलं पोर ‘फ्रिक्शन’पाशी अडखळतं. हातात वर्षं दोनच, त्यातलं एक शब्द जुळवण्यात जातं. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न. एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. वर चुकीच्या उत्तराला गुण कापतात. वाक्याचा अर्थ लावण्यातच वेळ गेला, तर गणित सोडवायचं कधी?

सरकार म्हणेल, पेपर मराठीत दिलाय की! दिलाय, हे खरं. वैद्यकीयची नीट २०१७ पासून मराठीतही होते, जेईई मेन २०२१ पासून. चांगलं झालं. पण दोन वर्षं शिकवायचं इंग्रजीत आणि शेवटी पेपर पुढं करायचा मराठीत, हे म्हणजे साच्यावर जाडं सूत चढवून बारीक कापड मागण्यासारखं. आणि आयआयटीची शेवटची परीक्षा, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, आजही फक्त इंग्रजी नि हिंदीत. पवईची संस्था १९५८ पासून मराठी मुलखात उभी आहे, पण तिच्या उंबऱ्यावर मराठी नाही. हा कुठला न्याय?

दुसरं कुलूप पैशाचं. पुणे, लातूर, कोटा इथल्या क्लासची फी, खोलीचं भाडं, खाणावळ. पाळीवर राबणाऱ्याच्या पगारात हे बसतं का, तुम्हीच सांगा.

तिसरं कुलूप कागदाचं. राखीव जागा आहेत आणि त्या हव्यातच. पण जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर मुदतीत हजर नसेल, तर हक्काची जागाही हातची जाते. तेव्हा पोर अकरावीत असतानाच दाखल्यांच्या मागं लागा.

कुणी म्हणेल, इंग्रजी नको म्हणता काय? मुळीच नाही. पोरांनी इंग्रजी जरूर शिकावी. पण परीक्षा पदार्थविज्ञानाची असेल तर पदार्थविज्ञानच तपासा. शास्त्र मराठीत मावत नाही असं सांगणाऱ्यांना आमचा तालुका दाखवा. याच नेवाशात १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला.

कुलपं निघतात, काढणारे पाहिजेत. खुद्द शिंगणापूरचा चौथरा बायांना बंद होता. आंदोलन झालं, कोर्टकचेरी झाली, आणि २०१६ साली तो खुला झाला. तमिळनाडूनं २०२० साली कायदा करून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा राखल्या. मग महाराष्ट्राला काय धाड भरली आहे?

आमच्या मागण्या तीन. अकरावी-बारावीचं विज्ञान मराठीतही शिकवा आणि तशी पुस्तकं वेळेवर द्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा पेपर मराठीत काढा. तमिळनाडूप्रमाणे सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी जागा राखा.

युनियनच्या सभेत हे मांडा. मतं मागायला येईल त्याला अडवून विचारा. ही भीक नव्हे, आपल्या पोरांचा हक्क आहे!