सामना दोघांचा असतो

क्रिकेटच्या आठवणी सांगणारे गृहस्थ आपल्याकडे दर दोन घरांआड भेटतात. त्यांची आठवण चुकली तरी बिघडत नाही. धावा, बळी, षटके, सगळे कुठे ना कुठे छापलेले असते आणि घरातला दहावीतला मुलगाही आजोबांची चूक दुरुस्त करू शकतो. फुटबॉलचे तसे नाही. दीड तासाची धावपळ कागदावर दोन आकड्यांत संपते. कोण कसा सुटला, कुणी कुणाला चकवले, चेंडू खांबाला लागून परतला तेव्हा हजारो माणसांच्या छातीत कसे धस्स झाले, यातले काहीच त्या आकड्यांत नसते. घरोघरी दूरदर्शन येण्यापूर्वीचे बहुतेक सामने तर केवळ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि सांगणाऱ्यांच्या जिभेवर शिल्लक आहेत. म्हणून फुटबॉलचा जुना प्रेक्षक ही नुसती हौशी मंडळी नव्हे. तो त्या खेळाचा चालताबोलता दप्तरखाना आहे.

असे दप्तरखाने कोल्हापुरात भेटतात. तालमींच्या नावाने खेळणारे संघ आणि त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या पेठा तिथे आहेत. गोव्यातही ते भेटतात. पण त्यांचे खरे माहेरघर कोलकाता. नोकरीतल्या बदलीमुळे १९९० नंतरची काही वर्षे मी त्या शहरात काढली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शाळामास्तर राहत आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मास्तर मोहन बागानचे, रेल्वेवाले ईस्ट बंगालचे. संध्याकाळच्या चहाला दोघे एकाच बाकावर बसत. मला बंगाली भाषा आणि बंगाली फुटबॉल या दोघांनी एकदमच शिकवला.

या दोन संघांचे वैर फक्त मैदानावरचे नाही. मोहन बागान १८८९ सालचा, ईस्ट बंगाल १९२० सालचा. पहिला पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे ‘घटीं’चा. दुसरा पूर्व बंगालातून आलेल्यांचा, म्हणजे ‘बांगालां’चा. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून लाखो माणसे कोलकात्याच्या आसऱ्याला आली, तेव्हा गमावलेल्या मुलखाचे नाव असलेला हा एक संघ त्यांना आपला वाटला. बागान जिंकला की बाजारात कोळंबीला उठाव आणि ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा महाग, हा तिथला जुना रिवाज. आमच्या इमारतीत तो काटेकोर पाळला जाई. कोण जिंकले हे वर्तमानपत्र उघडण्याआधी जिन्यातल्या वासावरून कळे.

या दोघांच्या आठवणी ऐकताना एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. त्यांतला एकही सामना कुणी एकट्याने सांगत नसे. एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने मध्येच अडवावे, पहिल्याने हात झटकावा, दुसऱ्याने शपथ घ्यावी, असे करत करत सामना पुरा होई. अपवाद एकच, २९ जुलै १९११ चा. त्या दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २-१ असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले. आधी गोऱ्यांनी गोल केला, मग शिबदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोषांनी विजयी गोल मारला. मास्तर तेव्हा जन्मले नव्हते, पण हा सामना ते स्वतः पाहिल्यासारखा सांगत. अशा वेळी रेल्वेवाले गप्प बसून ऐकत. आपला क्लब तेव्हा निघालाच नव्हता, म्हणजे हा सामना आपलाही, असे त्यांचे म्हणणे.

१९७५ चा सामना मात्र ते सांगतील अशी माझी अपेक्षा होती. ३० सप्टेंबर, शिल्डचा अंतिम सामना, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. सुरजित सेनगुप्ता, श्याम थापाचे दोन, रणजित मुखर्जी, शुभंकर सान्याल. आश्चर्य असे की हा सामना मला प्रथम मास्तरांनी सांगितला. पाचही गोल, काही न वगळता. श्याम थापाने त्याच सामन्यात पेनल्टी वाया घालवली होती हेही सांगितले, पण दिलासा म्हणून नव्हे, तपशील पुरा व्हावा म्हणून. जिंकणाऱ्याला निकाल आठवतो, हरणाऱ्याला सामना आठवतो, हे मला त्या दिवशी उमगले. त्या पराभवानंतर बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. पुढच्या जन्मी बागानचा खेळाडू होऊन याची भरपाई करीन, असे तो लिहून गेला होता. हे सांगताना मास्तरांचा आवाज बसला आणि पुढचे वाक्य रेल्वेवाल्यांनी पुरे केले. त्यात विजयाचा लवलेश नव्हता.

दुसऱ्या वर्षी, १९७६ च्या लीग सामन्यात, महंमद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल करून बागानला जिंकून दिले. हे मास्तर बोटे मोजून सांगत आणि मोजून होईपर्यंत श्रोत्याने श्वास रोखावा अशी त्यांची अपेक्षा असे. सप्टेंबर १९७७ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून ईडन गार्डनवर बागानविरुद्ध खेळला. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. सामना २-२ असा सुटला. बागानचे गोल हबीब आणि श्याम थापा यांचे. हो, तोच थापा! दोन वर्षांपूर्वी ज्याने बागानला रडवले, तो आता बागानच्या अंगरख्यात होता. खेळाडू क्लब बदलतात, प्रेक्षक बदलत नाहीत. निष्ठा या शब्दाची दुसरी व्याख्या मला ठाऊक नाही.

माझा स्वतःचा सामना १९९७ चा. १३ जुलै, फेडरेशन कपचा उपान्त्य सामना, सॉल्ट लेकचे युवभारती क्रीडांगण. १ लाख ३१ हजारांच्या वर माणसे. त्या गर्दीत एक मी. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहाचा बोलबाला होता आणि प्रतिस्पर्ध्यांची त्यांनी उडवलेली टर वर्तमानपत्रांतून गाजत होती. पलीकडे ईस्ट बंगालला पी. के. बॅनर्जी. आम्ही तिघे एकाच बसने गेलो, पण फाटकाशी दोघांच्या वाटा फुटल्या आणि आता तू कुणीकडे, असा प्रश्न माझ्यापुढे आला. जेवण दोन्ही घरी चालत असल्यामुळे पेच मोठा होता. मी रेल्वेवाल्यांबरोबर गेलो, कारण वरच्या मजल्यावरच्या बौदींचा हिलसा. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला. त्या गर्जनेने कान बधिर झाले होते. पण परतीच्या बसमध्ये रेल्वेवाले एक शब्द बोलले नाहीत. मास्तर शेजारी बसले होते ना!

या गोष्टीला एक शेपूट आहे. तो करंडक ईस्ट बंगालला मिळालाच नाही. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने त्यांना हरवले. कोलकात्यात उपान्त्य सामन्याच्या गोष्टी आजही रंगतात, अंतिम सामन्याचा उल्लेख निघत नाही. उलट गोव्यातल्या एका स्नेह्यांना मी हे सांगू लागलो तेव्हा त्यांना फक्त अंतिम सामना आठवत होता. आठवण अशी आपल्या सोयीने चालते. म्हणूनच ती सांगताना समोरचा माणूस शेजारी बसलेला बरा.

तो शेजारी नसला, किंवा तो माणूस आहे याचाच विसर पडला, म्हणजे काय होते ते १६ ऑगस्ट १९८० ला दिसले. ईडन गार्डनवर या दोन संघांचा लीग सामना होता. मैदानावर दोन खेळाडूंची झटापट झाली, ती प्रेक्षकांत पोहोचली, दगडविटा आल्या, चेंगराचेंगरी झाली आणि खेळ पाहायला आलेली सोळा माणसे घरी परतली नाहीत. इतके सामने रंगवून सांगणाऱ्या त्या दोघांनी या सामन्याचा निकाल मला कधीही सांगितला नाही. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे रक्तदान होते. आमचे दोघे वय आडवे येईपर्यंत बरोबरच जात. बाटलीत जमणारे रक्त घटीचे की बांगालाचे, हे तिथे कुणी विचारत नाही.

बरोब्बर चव्वेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, याच शहराने या प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले. आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता आणि सारे शहर पेटून उठले होते. १८ ऑगस्टचा ड्युरँड कपमधला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाला. सामना नाही, तरीही माणसे मैदानाबाहेर जमली. हिरवे-मरून आणि लाल-सोनेरी झेंडे एकाच गर्दीत होते, शिवाय मोहम्मेडन स्पोर्टिंगचे चाहतेही. तिन्ही क्लबांचे लोक एका मुलीसाठी न्याय मागत उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्या पडल्या, त्याही रंग न पाहता. त्या दिवशी एकही गोल झाला नाही. पण संस्मरणीय सामन्यांची यादी करायची तर न झालेला हा सामना मी त्यात अगदी वर लिहीन.

ऐंशी सालची गर्दी आणि चोवीस सालची गर्दी, दोन्ही त्याच क्लबांच्या. मग फरक कशाने पडतो? माझे उत्तर साधे आहे. माणूस आपल्या संघावर किती प्रेम करतो याने नव्हे, तर त्या प्रेमात समोरच्याला जागा आहे की नाही याने. बागान नसता तर ईस्ट बंगालच्या चाहत्याला सांगण्यासारखे उरले काय असते? पाच गोल कुणाला मारले असते?

ऑक्टोबर २००९ मध्ये बागानने ईस्ट बंगालला ५-३ असे हरवले. त्यांतले चार गोल एकट्या चिडी एडेचे. त्या रात्री इकडे पुण्याला मास्तरांचा फोन आला. चौतीस वर्षांनी पाच झाले, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मागून रेल्वेवाल्यांचा आवाज येत होता. पाच-तीन म्हणजे मुद्दल तसेच आहे, फक्त व्याज भरले, असा त्यांचा हिशेब. दोघेही तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि निकाल लागल्यावर एक दुसऱ्याकडे जिना चढून गेला होता. आज दोघेही नाहीत.

आपल्या घरातही असे कुणी असेल. कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिलेले आजोबा असतील. १८९१ पासून चाललेली ती स्पर्धा या शतकाच्या तोंडाशी बंद पडली, तेव्हा ते सामने आता त्यांच्याजवळच आहेत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडलेले मामा असतील. त्यांना एखाद्या रविवारी बोलते करावे, नातवंडांना जवळ बसवावे आणि जमले तर विरुद्ध पेठेतल्या त्यांच्या जुन्या मित्रालाही चहाला बोलवावे. मुलांना आपण फक्त आपले विजय सांगितले तर त्यांच्या हाती गर्व तेवढा लागतो. हरलेला सामना, आणि जिंकणाऱ्याच्या शेजारी बसून तो सांगणारा माणूस, हे त्यांनी एकदा तरी पाहिले पाहिजे.