"कशी झाली?" या प्रश्नाविषयीं

चौकटीमागून चौकट मांडून चित्रांच्या साह्यानें गोष्ट सांगण्याचा नाद आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस आहे, ही आम्हांस समाधानाची गोष्ट वाटते. वहीच्या शेवटच्या पानांवर, वर्गाच्या हस्तलिखितांत, भित्तिपत्रकावर हा उद्योग मुलें आपण होऊन करितात. त्यासाठीं त्यांना कोणी गुण देत नाहीं. कांहीं वडील मंडळी यास कालापव्यय समजतात. आमचें मत तसें नाहीं. ज्या कामांत रेषा, भाषा आणि कथानक या तिहींचा मेळ एकाच वेळीं घालावा लागतो, त्यास हलकें म्हणतां येणार नाहीं. परंतु या उद्योगांत एक उणीव आम्हांस वारंवार आढळते, आणि ती चित्र पुरें झाल्यानंतरची आहे. आपल्या कृतीवर अभिप्राय कसा मागावा, हें मुलांस ठाऊक नसतें. आणि तो कसा द्यावा, हें वडीलधाऱ्यांसही फारसें ठाऊक नसतें.

बहुधा घडतें तें असें. एखादी मुलगी आठ दिवस खपून चार पानांची चित्रकथा तयार करिते, ती मैत्रिणीपुढें किंवा आईपुढें ठेविते आणि विचारते, "कशी झाली?" या प्रश्नास दोनच उत्तरें संभवतात. एक "छान", आणि दुसरें "कांहीं खरें नाहीं". पहिल्यानें मन सुखावतें, दुसऱ्यानें खट्टू होतें. परंतु पांचव्या चौकटींत काय दुरुस्त करावें, हें दोहोंपैकीं एकानेंही कळत नाहीं. अलीकडे चित्राचें छायाचित्र आप्तेष्टांस फोनवर धाडून उत्तरादाखल येणारे उंचावलेले अंगठे मोजण्याची चाल पडली आहे. अंगठ्यांची बेरीज कितीही झाली, तरी तींतून एकही रेषा सुधारत नाहीं.

निकाल आणि अभिप्राय या दोन भिन्न वस्तू आहेत. प्रख्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांनीं तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेशासाठीं आपलीं चित्रें पाठविलीं, तेव्हां तेथें प्रवेश मिळण्याजोगें कौशल्य त्यांत दिसत नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांस आलें. पुढें या चित्रकाराचा 'सामान्य माणूस' सर्व देशाच्या परिचयाचा झाला. ही हकीकत सांगून "टीकेकडे लक्ष देऊं नका" असा बोध काढण्याची रूढी आहे. आम्ही तो काढीत नाहीं. त्या उत्तरांत लक्ष्मण यांस उपयोगी पडेल असें कांहींच नव्हतें, इतकेंच आम्हांस दिसतें. तो निकाल होता. अमुक चित्रांतील हात असा कां, तमुक चेहरा ओळखूं येत नाहीं, असा एक शब्द जरी त्यांत असता, तरी तो अभिप्राय झाला असता.

याच्या उलट एक उदाहरण परदेशांतील आहे. 'हर्जे' या टोपणनांवानें चित्रें काढणारे बेल्जियमचे जॉर्ज रेमी (१९०७–१९८३) यांची 'टिनटिन' ही चित्रकथा १९२९ सालीं सुरू झाली. १९३४ सालीं आपल्या नायकास चीन देशांत पाठविण्याचें त्यांनीं योजिलें. चिनी माणसाविषयीं कांहीं ठराविक आणि विपरीत कल्पना त्या काळीं यूरोपांत रूढ होत्या. तेव्हां लूव्हेन विद्यापीठांतील चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरु गोसे यांनीं हर्जे यांस पत्र लिहून, या देशाविषयीं जपून व माहिती घेऊन लिहावें असें सुचविलें, आणि ब्रसेल्सच्या कलाशाळेंत शिकणाऱ्या चांग चोंग-जेन या तरुणाशीं त्यांची गांठ घालून दिली. चांगनें त्यांस आपल्या देशाचा इतिहास, चालीरीती व कला समजावून दिल्या. चित्रांतील पाट्यांवरचीं चिनी अक्षरेंही त्याचींच आहेत. त्यांतून 'निळें कमळ' ही कथा तयार झाली, आणि तेथून पुढें हर्जे यांच्या कामास निराळेंच वळण लागलें. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. साह्य मिळालें तें काम चालूं असतां, पुरें झाल्यावर नव्हे. आणि ज्यास त्या विषयाची माहिती होती त्याच्याकडून, भेटेल त्याच्याकडून नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, यावरून कांहीं नियम तुम्हांस सहज काढितां येतील. पहिला हा कीं, शाई चढविण्यापूर्वीं, पेन्सिलीचा कच्चा आराखडा असतांनाच तो दाखवावा. शाईचें पान बदलण्यास कोणाचेंही मन धजत नाहीं. मग सूचना कितीही चांगली असो, ती आपणांस शत्रूची वाटूं लागते.

दुसरा नियम असा कीं, आवडली काय हें न विचारतां, काय समजलें हें विचारावें. चित्रकथेंत दोन चौकटींच्या मध्यें जी कोरी जागा असते, तींत पुष्कळ कांहीं घडत असतें, आणि तें वाचक आपल्या मनानें भरून काढितो. अमेरिकेंतील चित्रकथाकार स्कॉट मॅकक्लाउड यांनीं १९९३ सालीं चित्रकथेच्याच रूपांत एक ग्रंथ प्रसिद्ध करून हें सविस्तर उलगडून दाखविलें आहे. एका चौकटींत मुलगा झाडावर आहे आणि पुढच्या चौकटींत त्याच्या हाताला पट्टी आहे. मधली पडझड तुमच्या डोक्यांत आहे, वाचकाच्या डोक्यांत ती उतरली काय? हें तुम्हांस स्वतःस कधींही कळणार नाहीं, कारण गोष्ट तुम्हांस अगोदरच ठाऊक आहे. म्हणून विचारावें, "या दोन चौकटींच्या मध्यें काय झालें असें तुम्हांला वाटलें?" तसेंच विचारावें, "येथें आधीं कोण बोललें?" आपला डोळा डावीकडून उजवीकडे व वरून खालीं जातो, आधीं बोलणारें पात्र उजवीकडे उभें असेल, तर उत्तर प्रश्नाच्या आधीं वाचलें जातें आणि विनोद फसतो.

तिसरें, अक्षरांविषयीं अवश्य विचारावें. देवनागरींत वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेघेच्या वर जातात आणि उकार खालीं लोंबतात. संवादाचा फुगा आधीं काढून मग त्यांत मजकूर बसविला, कीं ओळी एकमेकींत शिरतात. अक्षरें आधीं लिहून त्यांभोंवतीं फुगा काढावा. आणि घरांतील आजीस किंवा धाकट्या भावास तें मोठ्यानें वाचावयास सांगावें. जेथें ते अडखळतील तेथें खूण करावी.

चौथा नियम सर्वांत कठीण. वाचक वाचीत असतां आपण मौन पाळावें. "तें तसें नाहीं, तो स्वप्नांत आहे," असें सांगण्याची पाळी आली, तर तें स्वप्न चित्रांत दिसत नाहीं, हाच तुम्हांस हवा असलेला अभिप्राय होय. वाद घालूं नये, लिहून घ्यावें. तिघे एकाच ठिकाणीं अडखळले, तर ती जागा सदोष समजावी. मात्र प्रत्येकानें सुचविलेला उपाय स्वीकारलाच पाहिजे असें नाहीं. कांटा कोठें रुतला, हें चालणाराच सांगूं शकतो. वाट कशी नीट करावी, हें वाट बांधणाऱ्यानें ठरवावें.

आतां पालकांस दोन शब्द. मुलांचें मन कोंवळें असतें, त्यांस केवळ शाबासकी द्यावी, असें कित्येक थोर मनाचे लोक म्हणतात. त्यांचा हेतु आम्ही जाणतों. परंतु शाबासकीही नेमकी असूं शकते. "छान" म्हणण्याऐवजीं, "या पावसाच्या चौकटींत एकही शब्द नाहीं, तरी ही मुलगी एकटी पडली आहे हें मला कळलें," असें म्हटल्यास मुलास आपलें बळ कोठें आहे हें समजतें आणि तें पुन्हां वापरतां येतें. तसेंच, "हा हात मला काठीसारखा वाटला," हें वाक्य "तुला हात काढतां येत नाहीं" याहून सर्वस्वी निराळें आहे. पहिलें चित्राविषयीं आहे, दुसरें मुलाविषयीं. पेन्सिल हिसकून आपण स्वतः दुरुस्ती करूं नये. वेळ नसेल, तर "उद्यां संध्याकाळीं पाहतों" असें सांगावें, आणि उद्यां संध्याकाळीं खरोखरच पाहावें.

ज्यास वर्षानुवर्षें "छान" यापलीकडे कांहीं ऐकूं येत नाहीं, तो मुलगा प्रथम विचारणें सोडतो आणि मग काढणेंही सोडतो. आणि ज्यास विचारण्याची हातोटी लाभली, त्यास ती निबंधांत, प्रयोगवहींत आणि पुढें जो कोणता व्यवसाय तो करील त्यांतही उपयोगी पडते.

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढील वार्षिकासाठीं जे विद्यार्थी चित्रकथा देतील, त्यांनीं पानाच्या मागील बाजूस, ती कोणकोणास दाखविली, त्यांस काय विचारलें आणि त्यामुळें कोणती चौकट बदलली, हें तीन ओळींत लिहावें. चित्रांच्या बरोबरीनें त्या तीन ओळीही आम्ही लक्षपूर्वक वाचूं.